रत्तलाला चार गोळ्या

सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या बँकेच्या दाराशी रखवालदार बसलेला असतो. मांडीवर आडवी दोन नळ्यांची बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा. ही कसली बंदूक, असे विचारले तर तो सांगेल, "बारा बोअर." पण बारा काय? नळीचा व्यास म्हणावा तर तो साडेअठरा मिलिमीटर भरतो. काडतुसे म्हणावीत तर एका वेळी दोनच बसतात. वर आणखी घोळ असा, की वीस बोअरची नळी बाराहून बारीक असते आणि दहाची जाड. आकडा वाढला की बंदूक लहान होते.

याचे उत्तर तराजूत आहे. नळीचा व्यास अचूक मोजण्याची साधने नव्हती तेव्हा शिसे तोलणे सोपे होते. एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्यायचे आणि त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. रत्तलाच्या वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून नळीही बारीक. आणि चारच केल्या तर? एकेक गोळी ११३ ग्रॅमची होते आणि नळी जवळजवळ २७ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून थोडी जास्तच. एकोणिसाव्या शतकात हत्ती आणि गेंड्यांच्या मागे आफ्रिकेत फिरणारे युरोपीय शिकारी अशी चार बोअरची बंदूक खांद्याला लावून झाडत.

सॅम्युएल बेकर या इंग्रज प्रवाशाने तर १८६०च्या दशकात अॅबिसिनियाच्या सीमेवर याच्याही पुढची मजल मारली. अर्धा रत्तल वजनाचा स्फोटक गोळा फेकणारी बंदूक त्याने बनवून घेतली होती. तिचे लाडाचे नाव 'बेबी'. त्याच्याबरोबरचे अरब तिला तोफेचे पोर म्हणत. ती झाडली की आपण जागच्या जागी गिरकी घेतो, असे खुद्द बेकरनेच लिहून ठेवले आहे, आणि ती झाडायची त्याला धास्ती वाटे.

शहाण्या माणसाने असले धूड खांद्याला का लावावे? आणि आज घरच्या घरी, स्वतःच्या लेथवर, एकाच गोळीची जाडजूड रायफल तयार करून आफ्रिकी रेड्यासमोर उभे राहणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत, त्यांना त्यात काय सापडते? शौर्याच्या गोष्टी बाजूला ठेवल्या तर हा सगळा वायू, वजन आणि वेळ यांचा हिशेब आहे.

दारू तोकडी, म्हणून गोळी जाड

कोकणात ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा भाग सोपा जाईल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग गोळी, ती गजाने ठासायची, बुडाशी केप लावायची आणि चाप ओढायचा. ही काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. शेकडो वर्षे जगभर हाच मसाला चालला.

तिचा दोष असा, की जळल्यावर तिचे निम्म्याहून अधिक वजन वायू होतच नाही. ते काजळी आणि क्षारांच्या रूपाने धुरातून बाहेर पडते किंवा नळीला चिकटून बसते. गोळीला ढकलतो तो फक्त वायू. त्यामुळे काळ्या दारूने जड गोळीला सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटर वेग मिळतो आणि तिथे गाडी अडते. दारू आणखी घातली तर ती वाढीव दारूच ढकलण्यात ताकद खर्ची पडते. धूर वाढतो, खांदा सुजतो, वेग मात्र जेमतेम हलतो.

वेग वाढत नसेल तर हाती एकच चल राशी उरते, गोळीचे वजन. म्हणून रत्तलाला बारा, मग आठ, मग चार. चार बोअरची गोळी चारशे मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा नऊ हजार जूलच्या घरात जाते. पहिल्या महायुद्धातली .३०३ इंची रायफल तीन हजारांच्या आसपास थांबत असे. जाड नळी ही दारूच्या दुबळेपणाची भरपाई होती.

ही भरपाई कशी वसूल होत असे ते फ्रेडरिक सेलूसच्या अनुभवावरून कळते. १८७१ साली एकोणीस वर्षांचा हा इंग्रज पोरगा दक्षिण आफ्रिकेत उतरला. पैसे बेताचे, म्हणून त्याने चार बोअरच्या स्वस्तातल्या, आतून गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुका घेतल्या. कातडी पिशवीत हात घालून मुठीने दारू काढायची आणि नळीत ओतायची, हे त्याचे माप. तीन हंगामांत त्याने अठ्ठ्याहत्तर हत्ती मारले. एकदा बार फुसका गेला. बंदूक वाहणाऱ्या माणसाने आतली दारू न काढताच वर दुसरी दारू ठासली. पुढच्या वेळी चाप ओढताच सेलूस जमिनीवरून उचलून फेकला गेला आणि बंदूक दूर जाऊन पडली. त्या बंदुकांनी आपल्या नसा कायमच्या बिघडवल्या आणि नेम खराब केला, याचे दुःख त्याने पुढे मोकळेपणाने बोलून दाखवले. अठ्ठ्याहत्तर हत्तींना काय वाटले ते लिहून ठेवणारे कोणी नव्हते.

बूड कसे बंद करायचे?

गोळी नळीच्या तोंडातून भरायची असेल तर बूड कायमचे बंद ठेवता येते आणि मजबुतीचा प्रश्न सुटतो. अडचण झटपट भरण्याची. ती सोडवायला बूड उघडे करावे लागते. मग ते झाकण इतके घट्ट बसायला हवे, की बार उडताना हलता कामा नये आणि क्षणात उघडतासुद्धा आले पाहिजे.

स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. झाकणाच्या कडेला असलेले दात भांड्याच्या दातांखाली जातात म्हणून झाकण वर उडत नाही. फटीतून वाफ जाऊ नये म्हणून रबराची गॅस्केट असते. शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. बंदुकीच्या बुडात हेच दोन प्रश्न येतात, पण हत्तीच्या रायफलीत दाब असतो अडीच हजार किलोंच्या वर. गॅस्केटचे काम पितळी काडतूस करते. दाबाने ते फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे वाट देत नाही. गोळी निघून गेली की दाब उतरतो, पितळ किंचित आक्रसते आणि काडतूस बाहेर ओढता येते. हे सारे दोन-तीन हजारांश सेकंदात. झाकणाने तेवढा वेळ तीन टनांच्या आसपासचा धक्का सोसला की झाले.

हे झाकण करण्याची सर्वांत साधी युक्ती म्हणजे वरखाली सरकणारा पोलादी ठोकळा. नळीच्या मागे पोलादाची एक चौकट, तिच्यात उभी खाच आणि खाचेत बसणारा ठोकळा. खालचा दांडा पुढे ओढला की ठोकळा खाली उतरतो आणि नळीचे बूड उघडे पडते. काडतूस आत सारायचे, दांडा परत आणायचा, ठोकळा वर येऊन बूड बंद. बार उडाला की दाब ठोकळ्याला सरळ मागे रेटतो. ठोकळ्याला मात्र फक्त वर किंवा खाली जाता येते, मागे चौकटीची जाड भिंत उभी असते. ज्या दिशेने उघडायचे ती दिशा आणि ज्या दिशेने दाब येतो ती दिशा एकमेकींना काटकोनात, ही यातली खरी अक्कल. १८७२ साली स्कॉटलंडच्या जॉन फार्कहरसनने अशा रचनेचे पेटंट घेतले. शंभर वर्षे होत आली तेव्हा, १९६७च्या सुमारास, अमेरिकेत रूगर कंपनीने 'नंबर वन' नावाची रायफल काढली. तिची कल्पना मूळ फार्कहरसनची. ती अजूनही हौशी लोकांच्या आवडीची आहे.

याच काळातली दुसरी एकगोळी रायफल हिंदुस्थानला जास्त ओळखीची होती. १८७१ साली ब्रिटिश फौजेने घेतलेली मार्टिनी-हेन्री. तिचा ठोकळा मागच्या खिळीवर झुलतो आणि पुढचे टोक खाली झुकते. ब्रिटिश पलटणींना नवीन रायफली मिळाल्या की जुन्या मार्टिनी हिंदी शिपायांकडे आणि पोलिसांकडे येत. मार्टिनीच्या गोळीचा व्यास .४५० इंच मानला जाई आणि त्यातून पुढे एक मजेदार गुंता झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० मापाच्या शिकारी रायफली आणण्यावर बंदी घातली. त्यांच्या गोळ्या चोरून बंडखोर मार्टिनीत वापरतील, ही धास्ती. लंडनचे बंदूकवाले थांबले नाहीत. त्यांनी व्यास इंचाच्या काही सहस्रांश भागांनी बदलला आणि .४६५, .४७०, .४७६ अशी नवी मापे बाजारात आणली. वाघ आणि गवे मारणाऱ्या संस्थानिकांच्या कपाटांत ही विचित्र मापे दिसतात त्याचे कारण इंग्रजांची ही भीती.

कॉर्डाइट आणि सोलापूरचा मे महिना

१८८९ साली ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आले. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांचा लगदा करून त्याचे सुतासारखे धागे काढलेले. हे जवळजवळ सगळेच वायू होऊन जाते. धूर नाही, काजळी नाही. आपल्याकडे निलगिरीतल्या अरुवनकाडूला विसाव्या शतकाच्या आरंभी याचा कारखाना निघाला. आजही तो कॉर्डाइट फॅक्टरी म्हणूनच ओळखला जातो.

१८९८ साली लंडनच्या रिग्बी या बंदूक कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस ही रायफल काढली आणि चार बोअरचे युग एका झटक्यात म्हातारे झाले. गोळी ३१ ग्रॅमची, चार बोअरच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जड. वेग सेकंदाला ६५५ मीटर. ऊर्जा साडेसहा हजार जूलच्या वर. व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. वेग वाढवता आला, तशी जाडीची गरज आपोआप कमी झाली.

या रायफलींची काडतुसे पाहिली तर एक गोष्ट खटकते. ती भलतीच लांब असतात, काही तर बोटाहून लांब, आणि आत दारूच्या मानाने जागा जास्त. याचे कारण उष्णता. कॉर्डाइट गरम असेल तर ते जास्त झपाट्याने जळते आणि दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत नीट चालणारे काडतूस सोलापूरच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांच्या उन्हात तासभर तापलेल्या पट्ट्यातून काढले तर दाब इतका चढू शकतो, की पितळ नळीला घट्ट चिकटून बसते. समोर जखमी जनावर आणि बुडात अडकलेले काडतूस, यापेक्षा वाईट वेळ नाही. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी मुद्दाम कमी दारूची काडतुसे भरली जात आणि काडतुसाची बाटलीच मोठी ठेवली जाई, म्हणजे दाब मुळातच आवाक्यात राहील.

खांद्याचा हिशेब

गोळी आणि वायू मिळून पुढे जेवढा संवेग घेऊन जातात तेवढाच बंदूक मागे घेऊन येते. यातून सुटका नाही. प्रश्न एवढाच, की तो संवेग बंदुकीच्या किती किलोंत वाटला जातो. .४५० नायट्रो एक्स्प्रेस पाच किलोंची असेल तर ती साधारण सेकंदाला पाच मीटर वेगाने मागे येते. चार किलोंची .३०३ तीन मीटरांच्याही आत. वेग दुप्पटही नाही, पण खांद्यात शिरणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणून धक्का सुमारे चौपट. चार बोअरचा त्याच्याही अडीच-तीनपट, तोही बंदूक दहा किलोंची असताना.

धक्का कमी करायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बंदूक जड करणे. संवेग तेवढाच ठेवून वजन दुप्पट केले की खांद्यावरची ऊर्जा निम्मी होते. पण मग ती दिवसभर उन्हात वाहणार कोण? जुन्या शिकारकथांत साहेबाच्या मागे चालणारा बंदूकवाहक असतो. त्याच्या खांद्यावरची रायफल भौतिकशास्त्राच्या नियमामुळेच जड आहे, हे त्या कथांत कुठे येत नाही.

खांदा दुखतो तो दुखतोच, पण खरे नुकसान डोळ्यांत होते. दोन-चार दणके खाल्ले की मेंदू शिकतो, चाप ओढण्याआधीच पापण्या मिटतात, खांदा आक्रसतो, नळीचे टोक हलते. सेलूसने ज्याला नसांचा बिघाड म्हटले तो हाच असावा. सरावाचे नेमबाज मोठ्या रायफलीची मोजकीच काडतुसे झाडतात, बाकीचा सराव लहान रायफलीवर करतात. घरी बांधलेल्या रायफलीत ही अडचण जास्त बोचते, कारण एकनळी रायफल सहसा दुनळीपेक्षा हलकी होते.

किती जाड नव्हे, किती खोल

मोठी ऊर्जा म्हणजे मोठे यश, असा समज शिकारीच्या पुस्तकांनी पसरवला. तो मोडला वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने. विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडाच्या करामोजा भागात आणि इतरत्र त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने. ही रायफल हरणांची. तिची गोळी अकरा ग्रॅमची, व्यास सात मिलिमीटरच्या किंचित वर. दणका इतका सौम्य, की लगेच दुसरा बार काढता येई.

बेलचे काम हस्तिदंतासाठी केलेल्या कत्तलीचेच होते, ते शोभिवंत करण्यात अर्थ नाही. पण त्याने एक गोष्ट मुळापासून तपासली. मेलेल्या हत्तीचे डोके करवतीने कापून त्याने मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले. हत्तीची कवटी बाहेरून प्रचंड दिसते, पण तिचा मोठा भाग हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, जाळीदार हाडाचा असतो. पाच किलोंचा मेंदू त्यात मागे, खालच्या बाजूला दडलेला. समोरून मेंदूपर्यंत जायचे तर गोळीला अर्ध्या मीटरच्या आसपास हाड आणि मांस भेदावे लागते, तेही वाकडी न होता.

अशा वेळी गोळीच्या एकूण वजनापेक्षा, तिच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती वजन उभे आहे हे महत्त्वाचे. त्याच वजनाची गोळी बारीक आणि लांब केली तर ती खोल जाते. अशी लांब गोळी हवेत आडवी पडू नये म्हणून नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि तिचे टोक पुढेच राहते. रायफल हे नाव या खाचांवरून पडले. गोल गोळीला आडवी-उभी काही नसते, म्हणून सेलूसचे गुळगुळीत नळीतही भागले.

चौकट : एका चौरस सेंटिमीटरमागे किती वजन?

बारा बोअर, गोल शिसे-गोळी : गोळी ३८ ग्रॅम, दर चौरस सेंटिमीटर सुमारे १४ ग्रॅम
चार बोअर, गोल गोळी : ११३ ग्रॅम, सुमारे २० ग्रॅम
.४५० नायट्रो एक्स्प्रेस : ३१ ग्रॅम, सुमारे २९ ग्रॅम
.२७५ रिग्बी : ११ ग्रॅम, सुमारे २७ ग्रॅम

चौकटीतल्या शेवटच्या दोन ओळी पाहिल्या की बेलचे गुपित उघड होते. त्याची चिमुकली गोळी या मापात हत्तीच्या रायफलीच्या जवळपास आहे आणि चार बोअरच्या कितीतरी पुढे. शिवाय तिला पोलादी किंवा निकेलमिश्रित कठीण आवरण होते. सेलूसचे मऊ शिसे हाडावर आपटून चपटे होई.

आवरणाचा उलटा प्रयोग आपल्याकडेच झाला. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात १८९०च्या दशकात गोळीच्या टोकाचे आवरण काढून टाकले गेले. अशी गोळी शरीरात फुलते, मोठी जखम करते, पण खोल जात नाही. १८९९च्या हेग परिषदेने फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. वाघ-बिबट्यांच्या शिकारीत त्या चालत राहिल्या, कारण तिथे कातडी पातळ. हत्तीवर मात्र त्या कुचकामी.

मग आजही आफ्रिकेतल्या कित्येक देशांचे नियम हत्ती, रेडा यांच्यासाठी .३७५ हे किमान माप का ठरवतात? कारण नियम बेलसाठी केलेले नसतात. सुट्टी काढून आलेला, दमलेला, घाबरलेला माणूस चार बोटे नेम चुकवणारच, हे गृहीत धरलेले असते. मेंदू हुकला तर सात मिलिमीटरचे भोक हत्तीला थांबवत नाही, जाड गोळी निदान काही तरी मोडते.

तीन सेकंद

आफ्रिकी रेडा सहाशे ते आठशे किलोंचा असतो आणि बिथरला तर ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर वेगाने धावू शकतो. म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. झुडपांत त्याच्यावर नेम धरला जातो तो तीस-चाळीस मीटरांवरून. पहिली गोळी चुकली किंवा नीट लागली नाही आणि रेडा अंगावर आला, तर हातात उरतात दोन-तीन सेकंद.

दुनळी रायफलीत दुसरी गोळी तयार असते, बोट एका चापावरून दुसऱ्यावर न्यायचे. म्हणून धोक्याच्या शिकारीत तिला मान. पण दोन नळ्या शेजारी शेजारी जोडून दोघींची गोळी एकाच जागी लागेल असे करणे हे महा किचकट काम. कारागीर नळ्या किंचित वाकड्या जोडतो, झाडून पाहतो, सांधा तापवून पुन्हा हलवतो, परत झाडतो. म्हणून चांगल्या दुनळीची किंमत मोटारीच्या वर जाते.

एकगोळी रायफल इथे आपली जागा काढते. हलणारे भाग मोजकेच, ठोकळा भक्कम, काडतूस कितीही लांब असले तरी चालते. मागेपुढे सरकणारा खटका नसल्याने तेवढ्याच लांबीच्या बंदुकीत नळी लांब बसते. घरच्या लेथ-मिलिंगवर धातुकाम करणाऱ्याला ती आवाक्यातली वाटते. नळी सहसा विकतचीच असते, बाकी चौकट, ठोकळा, दस्ता यांवर महिनोन्महिने मेहनत. अशी रायफल घेऊन गेलेला माणूस डाव्या हाताच्या बोटांत दोन काडतुसे धरून ठेवतो. दांडा खाली, रिकामे काडतूस बाहेर, नवे आत, दांडा वर. सरावलेल्या हाताला यातच ते दोन-तीन सेकंद जातात. शिवाय बाजूला परवानाधारक वाटाड्या दुनळी घेऊन उभा असतो, हे फोटोत कमी दिसते. माझ्या मते या शिकारीतली जोखीम बरीचशी त्या वाटाड्याच्या खांद्यावर उसनी ठेवलेली असते.

कारखान्यातली बंदूक बाजारात येण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून पाहतात. बर्मिंगहॅमला १८१३ पासून या एकाच कामासाठी स्वतंत्र संस्था आहे. घरी केलेल्या बंदुकीचा करणारा शहाणा असेल तर ती बाकाला बांधून, दूर उभा राहून दोरीने चाप ओढतो. आपल्याकडच्या गावठी कट्ट्यांत पाण्याच्या पायपाची नळी असते. ती सोसत असलेला दाब आणि काडतुसाचा दाब यांत कितीतरी पटींचे अंतर आहे, म्हणून कट्टा फुटून चालवणाऱ्याचाच हात जातो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनवणे गुन्हा आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. तेव्हा अमेरिकेतल्या हौशी माणसाचा छंद इथे दोन्ही टोकांनी बेकायदा ठरतो.

करमाळा, डिसेंबर २०२०

सोलापूर जिल्ह्यात हत्ती नाही, आफ्रिकी रेडाही नाही. नान्नजच्या माळावर काळवीट आणि लांडगे. इथले जुने शिकारी म्हणजे फासेपारधी, त्यांनी बंदूक वापरलीच नाही, फास लावले. पण धोकादायक जनावराला गोळी घालण्याची वेळ या जिल्ह्यावरही आली. उजनी धरणाच्या पाण्याने करमाळा तालुक्यात ऊस आणि केळी वाढली आणि त्या आडोशाला बिबट्या आला. डिसेंबर २०२० मध्ये तालुक्यात तीन जणांचे बळी गेले. अखेर वन खात्याच्या आदेशाने १८ डिसेंबरला वांगी-बिटरगाव परिसरात अकलूजचे धवलसिंह मोहिते-पाटील यांनी तो बिबट्या टिपला.

बिबट्या पन्नास-सत्तर किलोंचा, कातडी पातळ, हाडे हलकी. त्याच्यासाठी वरच्या चौकटीतले एकही मोठे माप लागत नाही. साधी बारा बोअरही पुरते. अडचण जाडीची नसून दिसण्याची असते. उसात चार पावलांपलीकडे दिसत नाही आणि जनावर रात्री निघते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तरी मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी कारणे देऊनच त्याला मारण्याची परवानगी द्यायची. तत्पूर्वी त्याला पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही, याची त्याने खात्री करायची. म्हणून आधी पिंजरे लागतात आणि बेशुद्ध करणारी बंदूक आणली जाते.

ही बंदूक पाहण्यासारखी असते. एकच गोळी, जाड नळी, अकरा किंवा तेरा मिलिमीटरची, म्हणजे व्यासाने .४५० नायट्रो एक्स्प्रेसच्या पंगतीत बसणारी. फक्त सगळा हिशेब उलटा. दारूच्या जागी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम काही किलो, आणि गोळीच्या जागी औषध भरलेली सुई. सुई खोल जाता कामा नये, स्नायूत शिरून तिथेच थांबली पाहिजे. म्हणून चालवणारा आधी अंतर अजमावतो आणि दाबमापकावर काटा त्याप्रमाणे लावतो. जवळच्या बिबट्यावर जास्त दाब दिला तर सुई हाड मोडते किंवा पोटात घुसते, लांबच्यावर कमी दिला तर वाटेतच गळून पडते. उपयोगी पल्ला तीस-चाळीस मीटर. सुई लागल्यावर औषध चढायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात घाबरलेला बिबट्या उसाच्या एका फडातून दुसऱ्यात जाऊन दिसेनासा होतो. विहिरीत किंवा घरात अडकलेल्या बिबट्याला ही बंदूक शांत करू शकते. करमाळ्यातला बिबट्या मोकळ्या रानात, अंधारात फिरत होता.